पिकअपसाठी सस्पेन्शन आणि टायर: पांदण, गोटे आणि संत्र्याचे क्रेट, तिन्ही सांभाळायचे आहेत

संत्रापट्टा (ता. वरूड)

नमस्कार मंडळी. घरी सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे. डबल कॅब, फोर बाय फोर, सोळा इंची रिम. नव्वद हजारांच्या वर चालली आहे आणि शॉकअप, पाटे (मागच्या कमानी, लीफ स्प्रिंग) सगळं मूळचंच आहे. टायर २४५/७० आर १६, हायवे पॅटर्नचे. नक्षी जेमतेम तीन मिलिमीटर उरली आहे, म्हणजे पावसाळ्याआधी टायर घ्यावेच लागतील.

मुख्य काम बगिच्यातून वरूडच्या मार्केटला माल नेणं. डांबरी रस्ता लागेपर्यंत तीनेक किलोमीटर पांदण आहे. अर्धी काळ्या मातीची, पुढची अर्धी सातपुड्याच्या पायथ्याची, निव्वळ गोट्यांची. मधे नाला, त्यावर रपटा (ठेंगणा पूल, पुरात पाणी वरून जातं). अंबिया आणि मृग दोन्ही बहार घेतो, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर आणि फेब्रुवारी-मार्च गाडी भरून चालते. एका खेपेला पंचवीस क्रेट, एक क्रेट साधारण वीस किलो. एरवी रिकामी, नाहीतर खताची पोती आणि फवारणीचं सामान. अधूनमधून नागपूर, अमरावती.

त्रास असा की रिकामी असली की मागून उड्या मारते. भरली की मागून बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. गोट्यांवर पुढून डावीकडे टक-टक आवाज येतो.

एका दुकानात विचारलं तर त्यांनी सांगितलं, दोन इंच लिफ्ट करा (पुढे स्पेसर, मागे ब्लॉक), २६५/७५ आर १६ चे एमटी (मड टेरेन, मोठ्या खाचांचे चिखलाचे) टायर टाका, सोबत व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती). कोटेशन दीड लाखाच्या वर गेलं. माझी तयारी लाखभराची आहे. आधी काय करावं, काय सोडून द्यावं, हे वापरणाऱ्यांकडून ऐकायचं आहे.

ऑरेंजसिटी फोरबायफोर (नागपूर)

दादा, लिफ्ट करा. पायथ्याचे गोटे आहेत म्हणता, तिथे पुढचा बंपर आणि पोट घासतच असेल. दोन इंचांनी पुढचा चढाईचा कोन सुधारतो, पोटाखालीही जागा होते. एमटीची बाजू जाड असते, गोट्यांवर कापली जात नाही. आवाज होतो, सवय होते. आमच्या ग्रुपमधल्या बहुतेक गाड्या याच सेटअपवर आहेत आणि आम्ही दगडी चढ आरामात काढतो.

फक्त स्वस्त स्पेसर टाकू नका. पूर्ण किट घ्या, स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने. ओल्ड मॅन एमू किंवा आयर्नमॅन कंपनीचं.

डेपोकाका (अकोला)

संत्रापट्टा भाऊ, एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, पाट्यांशी जुनी ओळख आहे. खर्चाचं नंतर पाहू. आधी गाडीत काय बिघडलं ते शोधा. सस्पेन्शन "अपग्रेड" करायला येणाऱ्या निम्म्या गाड्यांना नुसते बुश आणि लिंक रॉड हवे असतात.

एक गोष्ट मनात पक्की करा. वजन पाटे आणि स्प्रिंग उचलतात. शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त हालचाल आवरतो. तुमच्या दोन तक्रारी म्हणून वेगवेगळ्या आहेत. रिकामी उड्या मारते हे बरंचसं थकलेल्या शॉकअपचं लक्षण. भरल्यावर बसते हे पाट्यांचं. महागडे शॉकअप टाकून बसणारी गाडी उठत नाही.

घरीच एवढं करा. सपाट जागेवर गाडी उभी करा, हवा बरोबर भरा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. रिकामी असताना चारही, आणि पंचवीस क्रेट भरून पुन्हा चारही. ते आकडे इथे टाका. डोळ्याला "बसली" दिसते त्यावर पैसे घालू नका.

मग गाडीखाली जा. मागच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) रबरी बुश फाटलेत का, पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टखाली गंजाची लाल रेघ आहे का, पाट्यांच्या मधल्या बोल्टजवळ तडा आहे का. चिखल धुऊन, तारेच्या ब्रशने घासून पाहा, कारण तडा नेहमी चिखलाखालीच सापडतो. पुढे डावीकडे लिंक रॉड, खालच्या आर्मचा बुश आणि बॉल जॉइंट, तिघांनाही पहारीने हलवून पाहा.

आता पाट्यांबद्दल. गावोगावचे कमानवाले दोन उपाय सांगतात. पहिला, जुने पाटे भट्टीत तापवून कमान वाढवून देणं. हे करू नका. स्प्रिंगच्या पोलादाची ताकद त्याला कारखान्यात दिलेल्या पाण्यात (तापवून, विझवून आणलेल्या कडकपणात) असते. भट्टीत अंदाजाने तापवलं की ते पाणी उतरतं. दोन महिने गाडी उंच दिसते, मग पुन्हा बसते किंवा पाटा तुटतो. दुसरा उपाय, एक जास्तीचा पाटा टाकणं. हे चालतं, पण कोणता आणि कुठे ते महत्त्वाचं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सात मिलिमीटरऐवजी आठचा पाटा टाकला तर जाडी एकानेच वाढली असं वाटतं, पण तो पाटा जवळजवळ दीडपट कडक होतो. म्हणून "थोडा जाड टाक ना बे" म्हणून काम उरकू नका. जास्तीचा पाटा वरच्या पाट्यांना चिकटून बसवला तर रिकामी गाडी आणखी उड्या मारेल. तळाशी सरळ हेल्पर पाटा असतो, तो वजन आल्यावरच कामाला लागतो. वर्षातले चार महिने भरून आणि आठ महिने रिकामं चालणाऱ्याला तोच बरा.

मागे ब्लॉक घालून उंची वाढवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, माल वाहणाऱ्या गाडीला नको. ॲक्सल आणि पाटा यांच्यात ब्लॉक आला की ब्रेक मारताना आणि चढावर जोर लावताना ॲक्सल जास्त पिळतो आणि पाट्याचा आकार एस होतो. लांब शॅकल लावले तर शॅकल दोन इंच वाढवूनही गाडी एकच इंच उठते, वर ॲक्सलचा कोन बदलतो. ज्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत दांडी असते, तिथे तर मागून उचललेल्या गाडीला व्हॉल्व्ह रिकामी समजतो आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी देतो. माल भरलेला असताना हे जिवावरचं आहे.

काळीकसदार (दारव्हा)

भाऊ, टायरचं मी सांगतो. आमच्याकडे सारी काळी जमीन. पानी पडलं का मातीचा लोंदा नक्षीत असा घट्ट बसते का दहा पलट्यात टायर गुळगुळीत होते, मंग तो एटी (ऑल टेरेन, डांबरी-कच्च्या दोन्हीचा) असो का एमटी. एमटीच्या खाचा मोठ्या, चाक जोरात फिरलं तं माती फेकते हे खरं हाय. पन पांदनीत आपन लो गिअरमंदी हळूहळू जातो. चाक जोरात फिरवलं का गाडी तिथंच खड्डा करते आनि ॲक्सलपर्यंत बसते. मंग ट्रॅक्टर बोलवा.

ही माती पान्यानं फुगते, उन्हानं आकसते. उन्हाळ्यात भेगा पडतात आनि पावसाळ्यातल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात. टायर कापते थे चिखलात नाही, थे ह्या वाळलेल्या चाकोरीच्या काठावर. आनि धसकटं! पराटी काढल्यावर, तूर कापल्यावर जे खुंट राह्यते ते टायरले भोसकते. खालून घुसलं तं पट्टी लावून भागते. बाजूत घुसलं का टायर गेला. म्हनून आमच्याकडे लोक नक्षीपेक्षा टायरची बाजू पाह्यतात.

माझा सल्ला सोपा हाय. पाऊस झाला का वाफसा येईपर्यंत गाडी काळ्या पट्ट्यात घालू नका. वाफशाआधी जड गाडी गेली तं वावर बी दबते, पांदन बी खराब होते, मागच्या बंडीवाल्याले त्रास होते. मृगाचा माल फेब्रुवारीत निघते, तवा पांदन कोरडी. अंबिया नोव्हेंबरात, तवा परतीचा पाऊस बहुतेक संपलेला. भर पावसात माल काढाचं कामच नाही, तं एमटी कायले पाह्यजे? एटी घ्या.

मिलिमीटर (चंद्रपूर)

कोळसा खाणीवर हलक्या गाड्यांच्या देखभालीचं काम करतो. थोडं गणित मांडतो, कारण "दोन इंच लिफ्ट" या शब्दांमागे बरंच काही लपतं.

तुमच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि मागे सरळ ॲक्सल. लिफ्ट केल्यावर पुढचं डिफरन्शियल, पोट आणि बंपर वर जातात. मागचा गोळा (डिफरन्शियलचा) ॲक्सलवरच असतो, तो एक मिलिमीटरही वर जात नाही. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर सगळ्यात आधी घासतो तोच. तो वर नेण्याचा रस्ता एकच, मोठं चाक, आणि तेही व्यासातल्या फरकाच्या निम्मंच.

आता टायर:

२४५/७० आर १६: बाजूची उंची १७१.५ मिमी, एकूण व्यास ७४९ मिमी.
२६५/७० आर १६: व्यास ७७७ मिमी. मागच्या गोळ्याखाली १४ मिमी जास्त. वाढ ३.७ टक्के.
२६५/७५ आर १६: व्यास ८०४ मिमी. गोळ्याखाली २७ मिमी जास्त. वाढ ७.३ टक्के.

सात टक्के म्हणजे स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८६ ला असेल. गिअरिंग तेवढंच लांबेल, म्हणजे भरलेल्या गाडीत चढावर एक गिअर खाली यावं लागेल. टायर जड झाला की ब्रेकवर भार वाढतो, स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर मडगार्डला घासतो. मग घासू नये म्हणून व्हील स्पेसर, आणि स्पेसरने बेअरिंगवर ताण. एका खर्चातून दुसरा खर्च निघत जातो.

पुढच्या स्पेसरबद्दल. शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर बसवला की गाडी उठते, पण चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. खाली लटकण्याचा भाग कमी होतो. खड्ड्यात चाक लवकर थांबतं आणि "ठक" आवाज करतं. शिवाय सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचा सांधा) कोन वाढतो, रबरी बूट लवकर फाटतो, आणि ४०-५० मिमीच्या पुढे गेलं की मूळच्या वरच्या आर्मवर कॅम्बर-कॅस्टर (चाकाचे कोन) बरोबर येत नाही. ॲलाइनमेंटवाला म्हणतो "एवढंच येतं साहेब", आणि टायर आतून खाल्ला जातो.

रपटा आणि गोटे एवढ्यासाठी मी पुढे जास्तीत जास्त २५-३० मिमी सुचवेन, तेही स्प्रिंग बदलताना आपोआप मिळालं तर. पुढे लोखंडी बंपर किंवा विंच नसेल तर कडक पुढची स्प्रिंग घेऊ नका. वजन नसताना ती दाबलीच जात नाही.

ऑरेंजसिटी फोरबायफोर

मिलिमीटर सर, मागच्या गोळ्याचं म्हणणं मान्य. पण दगडी चढावर पहिला मार पुढचा बंपर आणि पायदान खातात, तिथे लिफ्टचा उपयोग आहे, हे मी ठामपणे सांगतो. यांची अर्धी पांदण गोट्यांची आहे.

मिलिमीटर

उपयोग आहे, नाकारत नाही. पण रोजचा तोच रस्ता असेल तर गाडीपेक्षा रस्ता सुधारणं स्वस्त. चार मोठे गोटे पहारीने बाजूला काढले आणि दोन ट्रॉल्या मुरूम टाकला की तेवढंच मिळतं. लोखंडी स्किड प्लेट लावली तर पोटाचीही चिंता नाही.

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी)

मी आमची राइस मिल पाहते, बोलेरो कॅम्पर स्वतः चालवते. काळीकसदार भाऊंचं बरोबर आहे, पण सगळीकडे तेच लागू पडत नाही, म्हणून लिहिते. आमच्या धानाच्या बांध्यांकडे जाणाऱ्या वाटा जुलै ते सप्टेंबर पाण्याखालीच असतात. खाली कडक तळ लागत नाही. तिथे वाफशाची वाट पाहणं शक्य नाही, रोवणीचे दिवस असतात, माणसं आणि रोपं पोचवावीच लागतात.

तिथे कामाला येते ती कमी हवा. चिखलाचा थर पातळ आणि खाली कडक मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो, पकड मिळते. तळच नसेल तर टायर पसरायला हवा, म्हणून हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवायची, अगदी सावकाश चालवायचं आणि स्टिअरिंग झटक्याने वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. बॅटरीला क्लिप लावून चालणारा कंप्रेसर गाडीत असलाच पाहिजे. डांबरीवर येताच थांबून हवा भरायची. कमी हवेने डांबरीवर पळवलेला टायर बाजूने तापतो आणि फुटतो, आपल्या उन्हात तर नक्कीच.

दादा, टायरआधी कंप्रेसर आणि चांगलं प्रेशर गेज घ्या. टायरच्या तुलनेत खर्च किरकोळ आणि फायदा पहिल्याच दिवशी दिसतो. आणखी एक, फोर बाय फोर कोरड्या डांबरीवर लावून ठेवू नका. अशा गाडीत मधलं डिफरन्शियल नसतं, वळणावर गिअर पिळतात.

नियमपुस्तक (वर्धा)

थोडक्यात कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. लिफ्ट आणि सात टक्के मोठी चाकं घेऊन अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढेल. झिजलेले पाटे, शॉकअप बदलणं ही दुरुस्ती आहे. टायर कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या आकाराचाच ठेवला, फक्त पॅटर्न बदलला, तर कसलीच अडचण नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आरसीवर लेडन (भरलेलं) आणि अनलेडन (रिकामं) अशी दोन वजनं असतात. पहिल्यातून दुसरं वजा करा. उरेल त्यात माणसंही येतात. कितीही भारी पाटे टाकले तरी हा आकडा बदलत नाही, कारण चेसिस, ब्रेक, ॲक्सल आणि बेअरिंग तेच राहतात.

संत्रापट्टा

सगळ्यांचे आभार. काका, मापं घेतली. फक्त मागची देतो, पुढची दोन्ही बाजूंना सारखीच आहेत.

उजवीकडे: रिकामी ५४ सेंमी, भरून ४६.
डावीकडे: रिकामी ५३, भरून ४२.५.

पुढे डावीकडचा लिंक रॉड हाताने हलतो, टक-टक त्याचीच निघाली. बॉल जॉइंट घट्ट आहेत.

आरसीही काढून वजाबाकी केली. आम्ही दोघं बसल्यावर उरलेल्या वजनात पंचवीस क्रेट बसत नाहीत. याआधी कुणी हे विचारलंच नव्हतं. मार्केट जवळ आहे, यापुढे दोन खेपा करीन. मोठा तोडा असला की भाड्याचं छोटं मालवाहू बोलावतो.

मिलिमीटर

हे आकडे बोलके आहेत. पाचशे किलो, जवळजवळ सगळे मागच्या ॲक्सलवर, म्हणजे एका बाजूला अडीचशे धरू. उजवीकडे ८ सेंमी दबली, सेंटिमीटरला ३१ किलो. डावीकडे १०.५ सेंमी, सेंटिमीटरला २४ किलो. एकाच गाडीच्या दोन पाटासंचांत एवढा फरक नुसत्या वयाने पडत नाही. चालवणारा बसतो उजवीकडे, बसली डावी. डाव्या संचातला एखादा पाटा काम करत नाही. काका काय म्हणतात?

डेपोकाका

तुटलाय. मधल्या बोल्टच्या भोकापाशी पाहा, क्लिपच्या आतही पाहा. तुटलेला पाटा वरचे-खालचे दाबून धरतात म्हणून लांबून अखंड दिसतो. सापडेपर्यंत भरलेली गाडी चालवू नका. दुसऱ्या नंबरचा पाटा मुख्य पाट्याचा डोळा सांभाळतो. तो गेला की सगळा भार मुख्य पाट्यावर येतो, आणि मुख्य पाटा गेला तर ॲक्सल जागेवरून सरकतो.

संत्रापट्टा

काका, बरोबर निघालं. डावीकडचा दुसरा पाटा मधल्या भोकातून आरपार तडकलेला आहे. धुतल्यावरच दिसला. गाडी उभी केली आहे.

म्हणजे पाटे नवे घ्यायचे, हे ठरलं. दोन्ही बाजूंचे घ्यावेत ना? आणि शॉकअप कोणते? गॅसचे, मोनोट्यूब, ट्विन ट्यूब, फोम सेल, दुकानदार एवढी नावं घेतो की गोंधळ होतो.

मिलिमीटर

दोन्ही बाजूंचे, एकाच संचातले. एक नवा आणि एक थकलेला घातला तर गाडी तिरकी राहते.

शॉकअपचं सांगतो. शॉकअपमधलं तेल छोट्या भोकांतून ढकललं जातं, त्यातून उष्णता निघते. गिट्टीच्या रस्त्यावर सलग खडखडाट झाला की तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजन दाबाने भरला की फेस कमी होतो. मोनोट्यूबमध्ये तेल एकाच नळीत असतं, बाहेरची भिंत थेट हवेत, म्हणून ती लवकर थंड होते. लांब पल्ल्याला उत्तम. पण त्या एकाच भिंतीवर गोटा लागून पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबच्या बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी आतली काम करत राहते. तुमचे तीन किलोमीटर तेल तापवायला पुरेसे नाहीत, गोटे मात्र रोज उडतात. जाड पिस्टनचे, गॅस भरलेले ट्विन ट्यूब घ्या. चारही एकदम.

रबरी बंप स्टॉपच्या जागी हवेचे फुगे बसवतात, ते या गाडीला नकोत. पाटा चेसिसला दोन टोकांना भार देतो. फुगा तो भार मधल्या एका जागी देतो आणि जास्त वजनात चेसिस तिथेच तडकते.

समृद्धीकाठ (कारंजा लाड)

टायरच्या नावांवर कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. २४५/७० आर १६ मध्ये एटी पॅटर्नचे पर्याय बरे मिळतात. योकोहामाचा जिओलँडर एटी डांबरीवर शांत आणि ओल्यात चांगला. मॅक्सिसचा ब्राव्हो एटी-९८० थोडा दणकट. बीएफगुडरिचच्या केओ२ ची बाजू भक्कम, पण वजनाने जड आणि भारी किमतीचा. अपोलोचा ॲप्टेराही पाहा, देशी कंपनीचा टायर पाचवा लागला की तालुक्यालाही मागवता येतो. जून २०२० पासून टायरची आयात परवान्यावर आहे, त्यामुळे परदेशी टायर कधी मिळतो, कधी महिनोन्‌महिने नाही. फोर बाय फोरला चारही टायर एकाच व्यासाचे लागतात, म्हणून पुन्हा मिळेल असाच टायर निवडा आणि स्टेपनीसकट पाच घ्या.

दुकानात बाजूवर तीन गोष्टी वाचा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. ११२ म्हणजे टायरमागे ११२० किलो. दुसरं, चार आकडी तारीख, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. तिसरं, आकाराआधी एलटी लिहिलंय का. एलटी टायर जाड थरांचा, धसकटं आणि गोटे झेलतो, पण तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते. आधीच्या टायरला ३२ भरत असाल तर एलटीला ३८-४० लागू शकते. कंपनीचा तक्ता मागून घ्या.

समृद्धीवर रोज फुटलेल्या टायरच्या चिंध्या पाहतो, म्हणून हवेचं कळकळीने सांगतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. मे महिन्यात सकाळी २८ अंशांना भरलेली ३२ ची हवा दुपारी ४५ अंशांत उभ्या गाडीतच अडीच-तीन पीएसआयने वाढते, चालल्यावर आणखी. ती वाढलेली पाहून काढून टाकू नका. टायर हे धरूनच बनवतात. फुटतो तो बहुतेकदा कमी हवेचा आणि जास्त वजनाचा.

काळीकसदार

समृद्धीकाठ भाऊ, बराबर. संत्रापट्टा भाऊ, गाडीत पट्टी-मशरूमचं पाकीट आनि पान्हा ठेवा. पांदनीत पंक्चरवाला येत नाही.

संत्रापट्टा

ठरलं ते लिहितो. लिफ्ट नाही, स्पेसर नाही, एमटी नाही. मागे कंपनीच्या मापाचे दोन्ही नवे पाटासंच, तळाशी एक हेल्पर. चारही शॉकअप गॅसचे ट्विन ट्यूब. पुढचे दोन्ही लिंक रॉड. टायर मूळच्याच आकाराचे एलटी एटी, पाच. ताईंनी सांगितलेला कंप्रेसर आणि गेज आजच मागवलं. अंदाज काढला तर लाखाच्या थोडं वर जातंय, म्हणून टायर पावसाळ्याच्या तोंडावर घेईन, पाटे आणि शॉकअप या आठवड्यात. भाच्याच्या ट्रॅक्टरने मुरमाच्या ट्रॉल्या टाकायचंही ठरलं.

काका, कमानवाला बाजूच्या गावचा आहे, हात चांगला आहे. त्याच्यापाशी उभं राहून काय पाहू?

डेपोकाका

पाच गोष्टी पाहा.

यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. जुनेच धुऊन लावतो म्हणाला तर नाही म्हणा.

मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय ना, ते यू-बोल्ट आवळण्याआधी स्वतः बोट घालून पाहा. अर्धवट बसलं तर मागचा ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी एका अंगाने चालते.

यू-बोल्ट चारही थोडे थोडे, आडव्या-तिडव्या क्रमाने आवळायचे.

शॅकलचे आणि पुढच्या डोळ्याचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर ठेवायची, गाडी दोन-तीनदा दाबून बसवायची, मगच आवळायचे. हवेत आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत धरला जातो आणि लवकर फाटतो. इथे बहुतेक जण घाई करतात.

पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे बोल्ट ढिले होतात. पुढची ॲलाइनमेंट पाटे-शॉकअप झाल्यावर एकदा, आणि नवे टायर लागले की बॅलन्सिंगसोबत पुन्हा. क्रेट भरताना जड थर केबिनकडे लावा. ॲक्सलच्या मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि रपट्यावर स्टिअरिंग ऐकत नाही.

माप घेतलेला टेप गाडीतच राहू द्या. काम झालं की पुन्हा रिकामी आणि भरून, दोन्ही मापं घ्या आणि इथे टाका. हेल्पर भरल्यावर टेकतोय की रिकाम्यातच टेकतोय, ते त्यावरून सांगता येईल. रिकाम्यात टेकत असेल तर त्याची कमान थोडी कमी करून घ्यावी लागेल, तेही थंड, भट्टीत नाही.